फुलपाखराचा नंबर

१८ एप्रिल, मंगळवार

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी दाइरेलिसच्या जुन्या संगणकामागचा हिरवा दिवा लुकलुकला, आणि त्या क्षणापासून मी पूर्वीचा ओस्निएल राहिलो नाही. म्हणून ही वही. कॉलेजात प्रयोग लिहायला घेतली होती. पहिली वीस पानं प्रयोगांनी भरली, तिसऱ्या वर्षात मी कॉलेजच सोडलं. उरलेली पानं माझी.

केबल मी एकट्यानं ओढली. आमच्या गच्चीवरून कबुतरवाल्या फेलोच्या गच्चीवर, तिथून बेकरीच्या पत्र्यावरून थेट तिच्या खिडकीत. ती बेकरीत सकाळची पाळी करते, म्हणून पत्र्यावर चढायची परवानगी तिनंच काढली.

"शिडी घट्ट धर गं."

"धरलीय. पण पडलास तर झेलणार नाही, आधीच सांगते."

"पडू दे त्याला," आतून तिची आजी ओरडली, "तू इकडे ये, कॉफी उतू चाललीय!"

हे इंटरनेट नव्हे. इंटरनेट खाडीकाठच्या आमच्या रेग्ला वस्तीत कुणाच्या घरी आहे? हे आम्ही स्वतः विणलेलं जाळं आहे. टेकडीपासून नावेच्या धक्क्यापर्यंत चारशे घरं. प्रत्येकानं आपला एक फोल्डर उघडा ठेवायचा, ज्याला जे हवं ते त्यानं सरळ त्याच्या संगणकातून तुकड्या-तुकड्यानं उचलायचं, आणि आलेला तुकडा पुढच्याला द्यायचा. राजकारण नाही, घाण नाही, विक्री नाही. ज्याच्या गच्चीवरून केबल जाते त्याला जोडणी, एवढाच आमचा कर. सगळं जाळं सात नाक्यांवर उभं आहे, आणि टेकडीचा नाका माझा. अँटेना माझी, फ्रीजच्या जाळीपासून हातानं वाकवलेली. सगळ्या केबली जिथे जोडल्यात तो डबा माझा, डब्याची किल्ली माझ्या गळ्यात. तीन वर्षं शिकून काय मिळवलंस असं आईनं विचारलं की मी नुसतं वर बोट दाखवतो.

प्रत्येक संगणकाला एक नंबर द्यावा लागतो. बाकीचे नाकेदार ओळीनं देतात, रेशनच्या रांगेसारखे. मी अर्थ बघून देतो. स्वप्नात काय दिसलं त्यावरून आमचे म्हातारे चोरून आकडा लावतात, तेच अर्थ. एक म्हणजे घोडा, चोवीस कबुतर, एकोणपन्नास दारुडा. फेलोला चोवीस दिला तेव्हा तो रडायचाच बाकी होता. दाइरेलिसला दोनच द्यायला हवा होता. दोन म्हणजे फुलपाखरू.

दोन नंबर जानेवारीपर्यंत प्रोफेसर अमादोर यांचा होता. ते मुलीकडे उरुग्वेला गेले आणि नंबर पडून राहिला. गेलेल्या माणसाचा नंबर वर्षभर कुणाला द्यायचा नाही, असा एवेलिओ काकांचा नियम आहे. काका पूर्वी मालवाहू जहाजावर रेडिओ सांभाळायचे, आता साऱ्या जाळ्याचे मुख्य आहेत. म्हातारपणी एकेक खूळ असतंच. रिकामा नंबर काय चावणार आहे?

दिवा लागल्यावर दाइरेलिस म्हणाली, "ओस्नी, कॉलेजातलं गणित अजून आठवतं का रे तुला?"

"आठवतं. पण अँटेनाला गणित लागत नाही, डोळा लागतो."

ती कॉफी बघायला आत वळली. उत्तर तिला भिडलं असावं.

२० एप्रिल, गुरुवार

सकाळपासून गच्च्यांवरून ओरडा चालू आहे.

"ओस्निएल! काल दुपारी एक गाणं लावलंय उतरवायला, अजून नुसता ढोलकच आलाय!" हा फेलो.

"अरे, मालिकेचा अर्धाच भाग आलाय! नायिका कालपासून दारात उभी आहे, तिला आत घे बाबा!" ही खालच्या गल्लीतली न्हावीण.

मी डबा उघडला, सगळे सांधे तपासले, अँटेना पुसली. कुठे काही बिघडलेलं नाही. टेकडीवरून धक्क्याकडे जाणारी वाट मात्र गच्च भरलेली आहे. कुणीच काही खास उतरवत नाहीये, मग ही वर्दळ कसली?

माझ्या नाक्यावर असं कधी झालं नव्हतं. कधीच.

२१ एप्रिल, शुक्रवार

सापडलं.

कोण कुणाशी बोलतंय हे राउटरला विचारलं आणि दोन तास आकडे वहीत उतरवले. दहातली सात बोलणी एकाच दाराकडे चालली आहेत. नंबर दोन. बाहेरचे संगणक तिच्या संगणकाला सतत विचारतात, तुझ्याकडे अमुक आहे का? तो म्हणतो, नाही. ते थोडं थांबून पुन्हा विचारतात. अखंड ठकठक. काय मागतात ते कळत नाही. फाईलचं नाव जात नाही, नुसता लांबलचक आकडा जातो.

तिला जोडणी मिळून चार दिवस झाले नाहीत तोच कुणीतरी तिच्यामागे लागलंय. सर्वांत जास्त ठकठक कुठून? तेहतीसवरून. तेहतीस म्हणजे गिधाड. रेनिएर. (नंबर मीच दिला होता, उगाच नाही.)

आता सगळं जुळतंय. सोमवारी आणि बुधवारी त्याला मी तिच्या घरात शिरताना पाहिलंय, काखेत कागदाची गुंडाळी. लष्करातून सुटून आला तेव्हापासून टेकडीवर छाती काढून हिंडतो. माझ्या नाक्यावरही त्याचा डोळा आहे, हे त्यानं स्वतः नावेत चारचौघांत सांगितलेलं. माझा नाका बदनाम करायचा आणि तिच्याकडे प्रेमाची पत्रं घेऊन जायचं, एका दगडात दोन्ही.

मी शांत आहे. अगदी शांत.

२२ एप्रिल, शनिवार

शांत राहिलो नाही.

गच्चीवर गेलो, रेनिएरची केबल डब्यातून उपटली, खाली येऊन त्याच्या दारात उभा राहिलो.

"रेनिएर, बाहेर ये!"

"आलो. काय झालं, आग लागली?"

"दोन नंबरला का छळतोस?"

"कोण दोन नंबर? ऊन लागलं का लेका तुला?"

"तुझा संगणक रात्रंदिवस तिच्या दारावर ठकठक करतोय. वहीत लिहून ठेवलंय, चारशे अकरा वेळा, दोन तासांत!"

हे ऐकल्यावर तो मानेपर्यंत लाल झाला. "माझा संगणक काय मागतो ते माझं मी बघीन," म्हणाला. चोराचं तोंड असंच होतं. मी त्याची कॉलर धरली, त्यानं माझी. अर्धी टेकडी गोळा झाली. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, तुमची गाणी आणि मालिका याच्यामुळे अडल्यात म्हणून.

तेवढ्यात दाइरेलिस आली, हाताला पीठ तसंच. मला वाटलं माझ्या बाजूनं उभी राहील.

"ओस्नी, तू गाढव आहेस," एवढं म्हणाली आणि रेनिएरला पाणी द्यायला आत घेऊन गेली.

एवेलिओ काका काठी टेकत आले. त्यांनी आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं.

"पोरा, कुणाची जोडणी तोडायची हे बैठकीत ठरतं. तुझ्या गच्चीवर नाही."

"काका, पुरावा आहे माझ्याकडे."

"असेल. तीस तारखेला, रविवारी बैठक आहे. तोवर वेग परत आणलास तर नाका तुझा. नाहीतर किल्ली दुसऱ्या कुणाला तरी देऊ. रेनिएरनं मागितलीय."

किल्ली! आठ दिवसांत ती रेनिएरच्या गळ्यात? त्यापेक्षा अँटेना मी माझ्या हातानं समुद्रात टाकीन.

२४ एप्रिल, सोमवार

रेनिएर तुटलेला आहे. वेग तसाच.

आज पुन्हा मोजलं. ठकठक करणारे संगणक एकशे त्रेसष्ट, साती नाक्यांवरचे. त्यात शाळामास्तरणीचं घर आहे, नावेवरच्या तिकीटवाल्याचं आहे, अग्निशामक दलातल्या जुळ्या भावांचं आहे. एवढी माणसं रेनिएरनं फितवली म्हणावं तर त्याला इतके मित्र नाहीत.

एकशे त्रेसष्ट जण एकदम दाइरेलिसच्या प्रेमात पडले असतील, हेही मनात येऊन गेलं. अशक्य नाही.

२६ एप्रिल, बुधवार

काकांकडे गेलो होतो. सहज गेल्यासारखं दाखवलं. त्यांनी कॉफी टाकली. दुसऱ्या घोटाला मी सहजच विचारल्यासारखं विचारलं, "काका, तो वर्षभर नंबर रिकामा ठेवायचा नियम कशासाठी हो?"

ते कपात बघायला लागले.

"आमच्या ताफ्यातलं एक जहाज भंगारात निघालं," ते म्हणाले. "प्रत्येक जहाजाला रेडिओवर हाक मारायचं एक नाव असतं. ते नाव त्यांनी लगेच नव्या जहाजाला दिलं. नव्या जहाजावर रेडिओला मी. झालं काय, बंदरं जुन्या जहाजाच्या माणसांचे निरोप मला द्यायला लागली. कुणाची आई आजारी, कुणाला मुलगी झाली. मी सांगायचो, तो माणूस इथे नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उत्तर देणारं कुणीतरी आहे एवढं कळल्यावर लोक हाक मारायची थांबत नाहीत. नाव मुकं राहिलं असतं तर वर्षभरात विसरले असते."

मी कप खाली ठेवला.

"आज हे का सांगितलंत?"

"तू विचारलंस म्हणून. साखर हवी?"

घरी येऊन वहीतले आकडे पुन्हा लावले. जानेवारीपासून दोन नंबर मुका होता. सगळ्यांचे संगणक हाका मारून गप्प झाले होते. अठरा तारखेला अकरा वीसला मी त्या दारात दिवा लावला, आणि एकशे त्रेसष्ट संगणकांना वाटलं, प्रोफेसर परत आले. त्यांच्याकडून जे काही अर्धवट राहिलं होतं ते मागायला धावले. दाइरेलिसच्या बिचाऱ्या संगणकानं प्रत्येकाला नाही म्हटलं, आणि हे जाणं-येणं सगळं माझ्या एका अँटेनातून.

मीच. रेनिएर नाही, कुणी नाही. फुलपाखरासाठी मीच.

उद्या तिच्याकडे जाऊन नंबर बदलला की संपलं. पाच मिनिटांचं काम. वेग परत येईल, नाका माझा राहील, आणि कुणाला काही कळायचं कारण नाही.

२७ एप्रिल, गुरुवार

पाच मिनिटांचं काम झालं नाही.

दार आजीनं उघडलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दाइरेलिस, आणि तिच्यासमोर रेनिएर. टेबलभर चौकटीचे कागद पसरलेले. ती गुंडाळी! पत्रं नव्हतीच. समीकरणं होती, खोडून खोडून काळी केलेली.

"बस," दाइरेलिस म्हणाली. "भांडायचं असेल तर उभाच राहा."

मी बसलो. नंबर बदलायला आलोय म्हणालो. का, हे तिनं विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. तिच्यासमोर मला खोटं जमत नाही. दोन म्हणजे फुलपाखरू हेही सांगितलं, तेव्हा रेनिएर छताकडे बघत शीळ घालायला लागला. तिचे कान लाल झाले. रागानं असावेत.

"लोक काय मागताहेत ते तुला माहीत आहे का?" तिनं विचारलं.

"नाही. नुसते आकडे दिसतात."

"रेनिएरकडे प्रोफेसरांच्या फोल्डरची जुनी यादी आहे. तू गल्लीत ठकठक म्हणून ओरडलास तेव्हा मला शंका आली. माझ्या संगणकाकडे आलेले आकडे आम्ही त्या यादीशी ताडून पाहिले. गणिताचे धडे आहेत. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेचे एकेचाळीस धडे, प्रोफेसरांच्या आवाजात, एकेक पायरी सोडवलेली. लोकांचे अर्धे उतरले आणि प्रोफेसर निघून गेले."

"माझा एकोणिसावा साठ टक्क्यांवर अडकलाय," रेनिएर टेबलाकडे बघत म्हणाला. "आणि हे बाहेर बोललास तर दात पाडीन. चोवीस वर्षांचा घोडा, प्रवेश परीक्षेला बसतोय म्हणून टेकडी हसेल."

"तू कुठे घोडा?" मी म्हणालो. "घोडा एक नंबरला आहे. तू गिधाड."

तो हसला. मग मीही. हे अपेक्षित नव्हतं.

दाइरेलिसला डॉक्टर व्हायचंय. गेल्या वर्षी ती गणितात नापास झाली, हे मला माहीतच नव्हतं. परीक्षा तीन तारखेला, बुधवारी.

"नंबर काढून टाकलास तर ठकठक थांबेल," ती म्हणाली. "आणि एकशे त्रेसष्ट जण परीक्षेला अर्ध्या धड्यावर जातील. प्रोफेसरांची हार्डडिस्क कुठे आहे?"

हार्डडिस्क त्यांच्या बहिणीकडे होती, ओफेलियाबाईंकडे, टीव्हीच्या पायाखाली टेकू म्हणून ठेवलेली. आम्ही तिघं गेलो. बाईंनी टीव्ही उचलायला लावला, डिस्क झग्यानं पुसली आणि म्हणाल्या, "न्या. पण यात त्याचा आवाज आहे म्हणता ना? मला एकदा ऐकवा."

बाईंच्याच टेबलावर, रेनिएरनं घरून उचलून आणलेल्या संगणकाला डिस्क लावून पहिला धडा लावला. प्रोफेसर म्हणाले, "घाबरायचं नाही. क्ष म्हणजे नुसती रिकामी खुर्ची आहे, कोण बसणार ते शोधू." बाई पूर्ण धडा ऐकत बसल्या. एक अक्षर कळलं नसेल.

येताना मी गच्चीवर जाऊन रेनिएरची केबल पुन्हा लावली. टोक नवीन बसवलं, जुनं मी उपटताना मोडलं होतं.

२८ एप्रिल, शुक्रवार

सकाळी नऊला डिस्क दाइरेलिसच्या संगणकात घातली. नऊ वाजून चार मिनिटांनी सगळं जाळं ठप्प.

एकशे त्रेसष्ट भुकेले एकदम ताटावर बसले. गाणी, मालिका, खेळ, काही म्हणजे काही हलेना. गच्च्यांवरून ज्या शिव्या आल्या त्यातल्या निम्म्या माझ्या आईला ऐकू गेल्या. ती चमचा हातात घेऊनच वर आली.

"काय केलंस आता?"

"आई, उद्या दुपारपर्यंत थांब."

"मी थांबीन. ती न्हावीण थांबेल का?"

मी पाण्याच्या टाकीवर चढून सगळ्या टेकडीला ओरडून सांगितलं, उद्या दुपारपर्यंत थांबा! फेलो म्हणाला, त्याची कबुतरंसुद्धा याहून लवकर निरोप पोहोचवतात.

दुपारी दाइरेलिसकडे गेलो. डिस्क फिरण्याचा आवाज, संगणक तापलेला, आजी त्याला पुठ्ठ्यानं वारा घालत बसलेली. एकोणिसावा धडा मी त्या दोघांना कागदावर सोडवून दाखवला. पेन्सिल हातात घेतली आणि तीन वर्षांचं सगळं बोटांत तसंच होतं. रेनिएर म्हणाला, "हरामखोरा, एवढं येत होतं तर सोडलंस का?" मी पेन्सिलीला टोक करायला लागलो. दाइरेलिसनं माझ्यापुढे स्वतःच्या वाटणीची पेरूची वडी सरकवली. मला भूक नव्हती म्हणून मी ती रेनिएरला दिली. ती का चिडली कळलं नाही.

२९ एप्रिल, शनिवार

सकाळपासून ठकठक ओसरायला लागली. ज्यांच्याकडे धडे पोहोचले त्यांनी पुढच्यांना दिले, त्या पुढच्यांनी आणखी पुढे. दुपारी एकला मोजलं तेव्हा दोन नंबरकडे अकरा संगणक उरले होते. दोन वाजता एकही नाही. माझी वाट इतकी मोकळी मी कधी पाहिली नव्हती. फेलोचं गाणं ढोलकापासून टाळ्यांपर्यंत आठ सेकंदांत.

एकशे त्रेसष्ट घरांत प्रोफेसरांचा आवाज पोहोचला, माझ्या अँटेनातून, फ्रीजच्या जाळीतून! मी गच्चीवर उभा राहून टेकडी बघत होतो. खाली कुणाच्या तरी खिडकीतून ऐकू आलं, "घाबरायचं नाही." अभिमानानं छाती दुखते हे मला ठाऊक नव्हतं.

पण संध्याकाळी फेलो कबुतरांना दाणे टाकता टाकता म्हणाला, "बरं केलंस, त्या गिधाडाला पकडलंस. त्याची केबल तोडली तिथूनच सुधारलं सगळं." शेजारची दोन माणसं हो म्हणाली. न्हावीण म्हणाली, तिनं तर त्याचे केस कापायचंच बंद केलंय.

मी गच्चीवरून खाली उतरलो.

रेनिएर खरं सांगू शकत नाही. सांगितलं तर परीक्षेचं बाहेर येतं. तो गप्प बसेल. दाइरेलिसही त्याच्यासाठी गप्प बसेल. मी नुसता उभा राहिलो तरी उद्या नाका माझाच आहे.

आईनं आज क्रोकेट्सचा पहिला घाणा माझ्यापुढे ठेवला. दोन खाल्ले. बाकी ठेवले.

३० एप्रिल, रविवार

एवेलिओ काकांच्या घराबाहेरच्या पायरीवर बसून लिहितोय. वही आकडे दाखवायला आणली होती. आत बैठक चालू आहे.

काकांच्या गॅरेजमध्ये सात नाकेदार आणि तीसेक माणसं. काकांनी माझं नाव घेतलं. म्हणाले, टेकडीचा वेग परत आलाय, बिघाड काय होता ते ओस्निएलनं थोडक्यात सांगावं, मग पुढचा विषय. माझ्याकडे बघत होते, बुधवारी कपात बघितलं तसं.

फेलो मागून ओरडला, "बिघाडाचं नाव सगळ्यांना माहीत आहे!" लोक हसले. रेनिएर भिंतीला टेकून उभा होता, खाली बघत.

मी उभा राहिलो. थोडक्यात जमलं नाही. दोन नंबर मी दिला, नियम मोडून दिला. प्रोफेसरांना मागणारी सगळी वर्दळ त्यामुळे उठली. रेनिएरची केबल मी तोडली आणि सगळ्या टेकडीसमोर त्याला चोर म्हणालो, आणि त्याचा यात काडीचाही दोष नव्हता. त्याच्याकडची जुनी यादी नसती तर मी अजून अँटेना पुसत बसलो असतो. तो काय उतरवत होता ते विचारू नका, ते त्याचं आहे.

"नंबर दोनच का दिलास?" धक्क्याच्या नाकेदारानं विचारलं.

"दोन म्हणजे फुलपाखरू," मी म्हणालो. "आणि कुणासाठी, तेही विचारू नका."

दाइरेलिस मागच्या बाकावर होती. साऱ्या गॅरेजनं वळून तिच्याकडे पाहिलं. म्हणजे विचारायची गरजच उरली नव्हती. तिनं मान खाली घातली नाही. उलट हनुवटी वर केली, आणि मला वाटलं, आता किल्ली गेली तरी चालेल.

किल्ली मी गळ्यातून काढून काकांच्या टेबलावर ठेवली. कॉलेजात कुठल्या फळ्यासमोर मी इतका ताठ उभा राहिलो नव्हतो.

"नियम मोडला आहे, नाका कुणाकडे राहायचा यावर मत घ्यावं लागेल," काका म्हणाले. "ज्याच्याबद्दल मत, त्यानं बाहेर थांबायचं. किल्ली मागणारा दुसरा कोण होता? रेनिएर, तुझी मागणी कायम?"

रेनिएर भिंतीपासून सुटला, टेबलाजवळ आला, किल्ली उचलून वजन केल्यासारखी तळहातावर खेळवली.

"आधी मत घ्या," म्हणाला. "मला बुधवारी परीक्षा आहे. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. हसायचं त्यानं आत्ताच हसून घ्यावं."

कुणी हसलं नाही. न्हाविणीनं फक्त नाक ओढलं.

मग तो माझ्याकडे वळला. "तू बाहेर हो रे. आणि दाराला कान लावून उभा राहू नकोस, ओळखतो मी तुला."

मी वही काखेत मारली, बाकांमधून चालत गेलो. दाइरेलिसजवळून जाताना तिनं माझी बाही क्षणभर ओढली, सोडली. मी थांबलो नाही. बाहेर आलो आणि दार माझ्या हातानं लावून घेतलं.